अ‍ॅग्नेस मूरहेडचा आवाज

'सॉरी, राँग नंबर' या हॉलिवूडच्या थरारपटातल्या नायिकेचं, बार्बरा स्टॅनविकचं, कौतुक होतं, ते रास्तच आहे. १९४८च्या त्या चित्रपटासाठी तिला ऑस्करचं नामांकनही होतं. पण ही कथा मुळात रेडिओची. ल्युसिल फ्लेचरने ती सीबीएस या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या 'सस्पेन्स' मालिकेसाठी लिहिली आणि मे १९४३मध्ये ती पहिल्यांदा प्रसारित झाली. 'सिटिझन केन' या चित्रपटात नायक केनची आई झालेली अ‍ॅग्नेस मूरहेड त्यात अंथरुणाला खिळलेल्या बाईची भूमिका करते.

फोनची लाइन चुकून जुळते आणि तिच्या कानावर दोन माणसांचा खुनाचा बेत पडतो. सव्वाअकराला पुलावरून आगगाडी जाईल, तिच्या खडखडाटात किंकाळी ऐकू येणार नाही! मग ती ऑपरेटरला, पोलिसांना फोन लावत सुटते. सुरुवातीला ती चक्क तुसडी वाटते. ऑपरेटरवर खेकसते, हेका धरते, ऐकणाऱ्यालाही नकोशी होते. पुढे त्याच तक्रारखोर आवाजात भीती कशी चढत जाते, ते ऐकाच. श्वास, हुंदका, डायलचा आवाज, बस्स. अर्ध्या तासात मामला आटोपतो.

चित्रपटात फ्लॅशबॅक घालून नवऱ्याची बाजू उलगडली आहे. नवऱ्याच्या भूमिकेत बर्ट लँकेस्टर चांगलाच आहे, पण माझ्या मते त्यात ती कोंडी सैलावते. रेडिओवर आपण तिच्या खोलीतून बाहेर पडूच शकत नाही. मूरहेडने हे नाटक पुढे अनेकदा सादर केलं. चित्रपट पाहिला नसेल, तर आधी रेडिओवरचंच ऐका, दिवे मालवून.