आयसीयूतल्या स्वॅबबद्दल मदत हवी आहे
मंडळी, बाबांना गडहिंग्लजच्या दवाखान्यातनं कोल्हापुरात आयसीयूत आणलं, आल्याआल्या सिस्टरनी गुदद्वारातला स्वॅब घेतला आणि दोन दिवसांनी कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची टेस्ट) क्लेब्सिएला नावाचा जंतू आला, तोबी मेरोपेनेम या भारी अँटिबायोटिकला न जुमानणारा. ताप नाही, बीपी बरं आहे. डॉक्टर म्हणतात जंतू नुसते आतड्यात मुक्कामाला आहेत, इन्फेक्शन नाही, म्हणून अँटिबायोटिक नको. पण कॉटला पिवळं कार्ड अडकवलंय, आत जाताना गाऊन-ग्लोव्हज घालायला लावतात, आई तर ते कार्ड बघूनच गळाठली. औषध नाही तर टेस्ट कशाला म्हणून मामा भांडतोय (त्याला सगळ्यातलं कळतंय!), टेस्ट शेजारच्या पेशंटला जंतू लागू नये म्हणून, एवढं मला पटलं. पण घरात दोन वर्षांची पोरगी आहे, डिस्चार्जनंतर संडास वेगळा लागतोय काय? आयसीयूत काम करणारं कुणी असेल तर सांगा ओ.