मदत हवी आहे: सिंगापूरला एका रात्रीत रॅफल्स आणि साते, दोन्ही कसं जमवावं?

मेलबर्नहून परतताना आम्ही दोघं सिंगापूरला एक रात्र थांबतोय. सकाळी उतरणार, दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईचं विमान. व्हिसा झालाय, मोठ्या बॅगा चांगी विमानतळावरच ठेवू, खोली सिटी हॉल एमआरटी (मेट्रो) स्टेशनजवळ आहे.

बायकोला रॅफल्स हॉटेलातला दुपारचा चहा हवाय. मला हवंय लाऊ पा सात या फूड सेंटरच्या बाजूचं बून टॅट स्ट्रीट: संध्याकाळी रस्ता बंद करून कोळशावर साते (काडीला लावलेले मांसाचे तुकडे) भाजतात, तिथे धूर खात बसायचं. माझी चैन तीच! घोळ पोटाचा आहे. चहासोबत सँडविच-केकचा तिमजली थाट येतो, मग रात्री भूक कुठून लागायची? चहा दुसऱ्या दिवशी ढकलून पाहिला, तर विमानाची धावपळ होते. रॅफल्समधल्याच नुसत्या लाँग बारवर भागवू म्हटलं, तर बायको ऐकेना.

ती अंडं खाते, मांस-मासे नाही. लिटल इंडियातलं टेक्का सेंटर माहीत आहे, पण डोसा खायला सिंगापूर कशाला?

तर, चहानंतर साते किती उशिरापर्यंत मिळतात? आणि लाऊ पा सातमध्ये तिच्यासाठी कोळंबीची पेस्ट न घातलेलं चिनी किंवा मलय काय मागवावं?