ब्लांकावर इतकी चांदी? एक्सआरएफचा आकडा कितपत खरा धरावा

नाणेवही: स्पेनचे राजा-राणी फर्नांदो-इसाबेल यांच्या नावाचा ब्लांका (थोडी चांदी मिसळलेलं तांब्याचं छोटं नाणं) आहे, एका बाजूला मुकुटाखाली एफ, दुसऱ्या बाजूला वाय, म्हणजे इसाबेलचं जुन्या स्पेलिंगमधलं आद्याक्षर. वजन १.१ ग्रॅम. एक्सआरएफने, म्हणजे क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने, चांदी २० टक्क्यांवर दाखवली, पण कड आणि उंचवटे तांबूस आहेत. मुलामा दिलेलं बनावट नाणं असेल का? खाचांमध्ये फिकट हिरवी पूडही आहे.

कसोटी: वजनात खोट नाही. स्पेनमधल्या मेदिना देल काम्पो इथे निघालेल्या १४९७च्या फर्मानानुसार एका मार्कात, म्हणजे सुमारे २३० ग्रॅममध्ये, १९२ ब्लांका पाडायचे. एक साधारण १.२ ग्रॅमचा. कस ७ ग्रेन. शुद्ध चांदी २८८ ग्रेनची धरत, म्हणजे चांदी जेमतेम २.४ टक्के!

मग २० कुठून आले? चकत्या तापवल्या की वरचं तांबं काळं पडतं. टार्टर (द्राक्षरसातला आंबट क्षार) आणि मिठाच्या द्रावणात उकळून टाकसाळीत ते काढून टाकत. वर चांदी जास्त असलेला पातळ थर उरतो. मातीतही तांबंच आधी झिजतं. एक्सआरएफ एवढाच थर पाहतो. झिजलेल्या उंचवट्यावर पुन्हा मोजा, आकडा उतरेल. कानस मात्र लावू नका. मुलामा असेल तर फोड येतात, पापुद्रा सुटतो. इथे रंग हळूहळू तांबूस होत गेलेला दिसायला हवा.

आणि एफ-वाय दिसलं म्हणून १५०४च्या, म्हणजे इसाबेलच्या मृत्यूच्या, आधीचं समजू नका. याच नावांनी ब्लांका १५६६पर्यंत पडत होते.

तराजू: पाण्यात तोलून घनता काढायच्या फंदात पडू नका. २.४ टक्के चांदीची घनता ८.९९, २० टक्क्यांची ९.२३. नाण्याचं आकारमान ०.१२ मिली, त्यामुळे ०.०१ ग्रॅमच्या काट्याची चूकच ८ टक्के! मिलिग्रॅमचा काटा असला तरी भेगांतली हवा आणि गंज निकाल बिघडवतात.

गंजमुक्त: आधी त्या पुडीकडे बघा. ती तांब्याच्या क्लोराइडची असेल तर गंज आतून चालू आहे. लिंबू, व्हिनेगर अजिबात नको. विरघळलेलं तांबं चांदीवर गुलाबी थर होऊन बसतं. भिंगाखाली लाकडी काडीने पूड काढा, ऊर्ध्वपातित पाणी बदलत भिजवा, अ‍ॅसिटोनने वाळवा. मग अल्कोहोलमधल्या ३ टक्के बेंझोट्रायझोलमध्ये (तांब्याचा गंज रोखणारं रसायन) २४ तास. विषारी आहे, हातमोजे हवेतच. वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेण. पीव्हीसीचं पाकीट टाळा, सोबत सिलिका जेल ठेवा.