चाकं स्क्रूची की रिव्हेटची?
प्रवासासाठी ओढत न्यायची बॅग कोणती घ्यावी, या प्रश्नावर चार चाकांचीच घ्या, असं बऱ्याच जणांनी सुचवलंय. गुळगुळीत फरशीवर ती मस्त चालते, वाद नाही. पण बसमध्ये हात सुटला की ती आपली आपण फिरायला निघते. शिवाय विमानात सोबत न्यायच्या केबिन बॅगेचं माप चाकांसकट धरतात, म्हणजे बाहेर आलेली चाकं आतली जागा खातात. उलट ओढायच्या दांड्याची दोनचाकी बॅग, म्हणजे रोलअबोर्ड, १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानेच बनवली आणि सुरुवातीला ती विकत घेतली विमानातल्या क्रूनेच.

बॅग पॉलिकार्बोनेटची (कडक प्लास्टिक) की बॅलिस्टिक नायलॉनची (जाड, मजबूत कापड) यावर इतकी चर्चा झाली, पण बॅग उलटी करून बूड बघा असं कोणीच म्हटलं नाही. चाकं स्क्रूने बसवलेली असतील तर घरच्या घरी बदलता येतात. रिव्हेट (ठोकून कायमची बसवलेली धातूची खीळ) असेल तर ड्रिल मारूनच काढावी लागतात. माझ्या बॅगेचं एक चाक फिरेनासं झालं, तर आत आसाभोवती केस आणि दोऱ्यांचा घट्ट पिळा. तो कापून काढला, नवं चाक बसवलं, बॅग चालू. दांडा मात्र दुकानातच पूर्ण ओढून डावी-उजवीकडे हलवून बघा. तिथेच खडखडला तर पुढचं सांगायला नको.