जिनियस की जिन्नस?

परवा नारायण पेठेत दादाकडे गेलो होतो. पुतण्यानं रुबिक क्यूब झरझर फिरवून जुळवून दाखवला. वहिनी म्हणाली, "जिनियस आहे हो!" आजीला हल्ली कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "जिन्नस आहे खराच!" सगळे हसले. मी घरी येऊन कोश उघडले, तर आजी फारशी चुकली नव्हती.

'जिनियस' लॅटिन. मूळ धातू 'जन्म देणे' या अर्थाचा, आपल्या 'जन्'चा सख्खा भाऊ. रोमन लोकांचा जिनियस म्हणजे हुशार माणूस नव्हे, तर पुरुषाबरोबर जन्मून आयुष्यभर त्याची पाठराखण करणारी देवता (बायकांची ती जूनो). वाढदिवसाला तिला धूप नि मद्य वाहायचे. जागेचाही जिनियस असे आणि तो बहुधा सापाच्या रूपात दाखवत. जुन्या वाड्यातला राखणदार नागच की हा! थोडक्यात, तेव्हा माणूस जिनियस नसे, माणसाला जिनियस असे. खुद्द माणसालाच जिनियस म्हणायची चाल सतराव्या-अठराव्या शतकातली.

दिव्यातला जिन मात्र या घराण्यातला नाही. त्याचा अरबी धातू 'झाकणे, लपवणे' असा. अरबी सुरस कथा फ्रेंचमध्ये गेल्या तेव्हा उच्चार जुळला म्हणून जिनचा 'जेनी' झाला, एवढंच.

खरा भाऊबंद आपल्या वाणसामानाच्या यादीत बसलाय. 'जिन्नस' हा अरबी-फारसी 'जिन्स'वरून आला. अरबीत तो ग्रीक 'गेनोस'वरून, म्हणजे वंश, प्रकार. धातू पुन्हा तोच. 'जात्याच हुशार' म्हणतो, त्यातली 'जाती'सुद्धा 'जन्'चीच लेक.

आता प्रतिशब्द. 'प्रतिभा' जन्मातून नाही, 'भा' म्हणजे चमकणे यातून आली. संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टतौताची व्याख्या प्रसिद्ध आहे: 'प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता'. सतत नवं काही उमलायला हवं. पाठ केलेल्या युक्तीनं क्यूब जुळवणाऱ्या पुतण्याला मी तरी हुशारच म्हणेन. (वहिनीला सांगू नका.)

शिवाय गेटसमोर गाडी लावून जाणाऱ्याला आपण 'वा, जिनियस!' म्हणतो, तिथे 'वा, प्रतिभावंत!' म्हणून पाहा. टोमणा पार बोथट होतो. तिथे आपला 'दीडशहाणा'च बरा.

माणसाला 'जिन्नस' म्हणायची पद्धत तुमच्याकडे आहे का? आणि ती कौतुकानं, की खोचकपणे?