मराठी चित्रपट पहिल्या आठवड्यातच गाठायचा तर: शो, तिकीट, आवाज आणि १ मेची तयारी

साडेसहाचा_खेळ

मंडळी, १२ सप्टेंबर २०२५ च्या एकाच शुक्रवारी 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' लागले. पुढच्याच शुक्रवारी, १९ तारखेला, 'साबर बोंडं'. आठ दिवसांत बघण्यासारखे चार मराठी चित्रपट आले आणि संध्याकाळच्या वेळा मात्र मोजक्याच. दुसऱ्या आठवड्यात तर बऱ्याच ठिकाणी सकाळी साडेदहा नाहीतर रात्री पावणेअकरा एवढंच उरतं. नोकरदार माणसाने बघायचं कधी?

जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. शो कोण ठरवतं, कधी ठरवतं, आणि आपण तिकीट कधी काढलं तर त्याचा उपयोग होतो? मंगळवारच्या स्वस्त तिकिटात बघितलं तर निर्मात्याच्या हाती काही पडतं का? दुसरं म्हणजे आवाज. मालवणी किंवा वऱ्हाडी बोलीतले संवाद अर्धे कळत नाहीत अशी तक्रार वरचेवर ऐकू येते. हा दोष चित्रपटाचा की थिएटरचा? आणि 'राजा शिवाजी'साठी १ मे २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. तो नीट बघायचा तर थिएटर कशावरून निवडायचं?

खिडकी_क्रमांक_दोन

शो आणि पैसे एवढ्यापुरतं सांगतो.

मल्टिप्लेक्सचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक शनिवार-रविवारचे आणि सोमवारचे आकडे बघून सोमवार संध्याकाळ ते बुधवार या वेळात बसवतात. म्हणजे 'लोक काय म्हणतात बघू, पुढच्या रविवारी जाऊ' असं ठरवणाऱ्याचं तिकीट हिशेबात येतच नाही. त्याच्या रविवारचा निर्णय आदल्या मंगळवारीच झालेला असतो. चित्रपट टिकावा असं मनापासून वाटत असेल तर शुक्रवार ते रविवारातला शो धरा. तिकीट निदान आदल्या संध्याकाळी काढा, कारण आगाऊ बुकिंग दिसलं की शुक्रवारी दुपारीसुद्धा एखादा शो वाढवतात. उलट, एकही तिकीट गेलं नाही तर शो रद्द होतो आणि त्या वेळेला दुसरा चित्रपट लावतात.

किती खुर्च्या भरल्या त्या टक्केवारीने फसू नका. ८० खुर्च्यांच्या पडद्यावर ६० टक्के म्हणजे ४८ माणसं. २८० खुर्च्यांच्या पडद्यावर २० टक्के म्हणजे ५६. माणसं दुसरीकडे जास्त, पण कागदावर तो शो पडलेला दिसतो. लहान चित्रपटाला पहिल्या दिवशी मोठा पडदा मिळाला म्हणून आनंद होतो, पण सोमवारी तोच पडदा अंगाशी येतो. बुकिंगच्या ॲपवर खुर्च्यांचा नकाशा उघडून एकूण रांगा मोजल्या की हे कोणालाही कळतं.

आता पैसे. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचा वाद मिटला तेव्हा वाटणी ठरली ती अशी: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. एखाद्या चित्रपटाची बोलणी वेगळी होऊ शकतात, पण आधार हाच. २०० रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी वजा केला की १६९ रुपये ४९ पैसे उरतात. त्यातले पहिल्या आठवड्यात सुमारे ८४.७५ रुपये वितरकाकडे जातात, दुसऱ्यात ७२, तिसऱ्यात ६३.५० आणि चौथ्यात ५१. खुर्ची तीच, चित्रपट तोच, फक्त तुम्ही तीन आठवडे उशिरा गेलात. वितरक त्यातून आपलं कमिशन आणि खर्च कापून मग निर्मात्याकडे देतो. ऑनलाइन बुकिंगवर लागणारं जादा शुल्क या वाटणीत धरत नाहीत.

स्वस्त तिकिटाचं गणित मजेशीर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के कर आहे, त्यावर १८ टक्के. ९९ रुपयांच्या तिकिटातून ९४.२९ रुपये उरतात, त्याचे निम्मे सुमारे ४७. पण ११० रुपयांच्या तिकिटातून उरतात ९३.२२, म्हणजे ९९ पेक्षाही कमी! तिकीट ११२ च्या वर गेल्याशिवाय १०० रुपयांच्या तिकिटाची बरोबरी होत नाही. तेव्हा मंगळवारी ९९ मध्ये बघण्यात अपराधी वाटून घेऊ नका. दोन जण गेलात तर एका २०० च्या तिकिटापेक्षा जास्त रक्कम वितरकाकडे जाते, आणि दोन खुर्च्या भरलेल्या दिसतात. मात्र तो पहिल्या आठवड्यातला मंगळवार असू द्या.

मधला_स्पीकर

आवाजाबद्दल. 'संवाद कळत नाहीत' याचं खापर ध्वनिमुद्रणावर किंवा बोलीवर फोडण्याआधी थिएटर तपासा.

चित्रपटाचं अंतिम मिश्रण ज्या खोलीत होतं तिथे आवाजाची पातळी ठरलेली असते, आणि थिएटरमधल्या ध्वनियंत्राच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणावर, तिच्याशी जुळणारा आकडा आहे ७. प्रत्यक्षात ट्रेलर आणि जाहिराती कर्कश असतात, कोणीतरी तक्रार करतं, आकडा ५ किंवा साडेचारवर येतो आणि चित्रपट सुरू झाला तरी तिथेच राहतो. पार्श्वसंगीत तरीही ऐकू येतं. हरवतात ते श्वास, पुटपुटणं, वाक्याच्या शेवटी खाली जाणारे शब्द. 'साबर बोंडं'सारख्या चित्रपटात, जिथे शांतता आणि गावातले बारीक आवाजच बरंच काही सांगतात, तिथे यामुळे निम्मा चित्रपट हातचा जातो. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला चित्रपट आपल्याकडे साडेचारच्या आकड्यावर ऐकला जावा, हे मला फार लागतं.

दुसरं कारण मधला स्पीकर. संवाद जवळजवळ सगळे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. तो बिघडला किंवा त्याचा वरच्या पट्टीचा भाग गेला तर संगीत छान, दारांचे आवाज छान, आणि माणसं मात्र गोधडीतून बोलल्यासारखी. ओळखायची खूण सोपी आहे. गाण्यातलं वाद्यवृंद डाव्या-उजव्या बाजूने स्वच्छ येतंय आणि गायकाचा आवाज मागे पडलाय असं वाटलं की समजा मधला स्पीकर गेला.

पहिल्या पाच मिनिटांत उठा आणि ड्यूटी मॅनेजरला शोधा. प्रोजेक्शनच्या खोलीत आता बहुतेक वेळा कोणी नसतं, सगळं वेळापत्रकावर आपोआप चालतं. त्यामुळे वर काचेकडे बघून ओरडण्याचा उपयोग नाही. मोघम 'आवाज बरोबर नाही' म्हणू नका. 'अमुक पडदा, संवाद दबलेत, फेडर किती आहे ते बघा' असं सांगा. आकडा अर्ध्याने वाढवला तरी फरक लगेच कळतो.

चित्र अंधारं असेल तर दोन शक्यता मुख्य. प्रोजेक्टरचा दिवा जुना झालाय, किंवा आधीच्या थ्रीडी खेळाचं भिंग काढलेलंच नाही. साध्या चित्रपटासाठी पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (उजेड मोजायचं माप) उजेड अपेक्षित असतो, थ्रीडीला त्याच्या जेमतेम एक तृतीयांश पोचतो. रात्रीची दृश्यं काळ्या डागासारखी दिसली आणि माणसांच्या कडा किंचित दुहेरी वाटल्या तर भिंगाचंच काम. हेही मॅनेजर दोन मिनिटांत करून घेऊ शकतो.

जागा निवडताना पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावरची, मधली खुर्ची घ्या. दहा रांगा असतील तर पुढून सहावी-सातवी. आवाजाची मोजणी साधारण तिथेच केलेली असते. अगदी मागची रांग महाग असली तरी बाजूचे आणि मागचे स्पीकर कानाशी येतात आणि संवाद लांब जातात.

शुक्रवारची_वाट

दोघांचं म्हणणं पटलं, पण सगळा दोष थिएटरवर ढकलू नये. १२ सप्टेंबरला तीन चित्रपट एकमेकांसमोर उभे करायचा निर्णय थिएटरचा नव्हता. तिघांचा प्रेक्षक शनिवार-रविवारचाच, बऱ्याच अंशी त्याच शहरांतला. 'दशावतार'चं जमलं कारण पोस्टर बघताच माणसाला कळत होतं की हे कोकण आहे, ही रंगभूमी आहे, आणि ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर मध्यभागी आहेत. माझ्या मते उत्तरार्धात गोष्ट थोडी पसरते, पण प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री रंग चढवतो त्या दृश्यांत ते पात्र इतकं खरं आहे की बाकीचं माफ.

याउलट 'स्थळ'. ७ मार्च २०२५ ला लागला. विदर्भातल्या गावातली मुलगी, कांदेपोहे, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा. पहिल्याच दृश्यात बाजू उलटी करून, म्हणजे बायकांनी मुलाला बघताना, दाखवलेली बघण्याची पद्धत हा अलीकडच्या मराठी चित्रपटातला सर्वांत नेमका प्रसंग वाटतो. असा चित्रपट तोंडोतोंडीच वाढतो, आणि तोंडोतोंडी पसरायला दहा-बारा दिवस लागतात. सोमवारी वेळापत्रक कापलं की ते दिवसच उरत नाहीत. अशा चित्रपटांनी पहिल्या दिवशी खूप पडदे मागण्यापेक्षा मोजक्या शहरांत एकेक पडदा, पण सातचा खेळ आणि दोन आठवड्यांची हमी, एवढं मागावं असं माझं ठाम मत आहे. पडद्यागणिक डिजिटल पाठवणीचं शुल्कही भरावं लागतं. रिकाम्या खेळांसाठी तो खर्च का करायचा?

तारखांचं शहाणपण म्हणाल तर 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' १ जानेवारी २०२६ ला, गुरुवारी लावला, ते चांगलं केलं. सोमवारच्या कात्रीआधी चार दिवस मिळाले.

बेंगळुरूकर_मराठी

महाराष्ट्राबाहेरच्यांसाठी थोडं. इथे बहुधा शनिवार-रविवारचे दोनच खेळ लागतात आणि यादी गुरुवारी संध्याकाळी दिसते. वाट बघत बसण्यापेक्षा गावातल्या मराठी मंडळातल्या लोकांनी मिळून खेळ मागणं जास्त खात्रीचं. थिएटर ठरावीक तिकिटांची हमी मागतं, म्हणून ८०-१०० खुर्च्यांचा लहान पडदा आणि शनिवार-रविवार सकाळची वेळ मागा. आठवडाभर आधी तरी बोला.

घाई का चालत नाही ते लक्षात घ्या. चित्रपटाची फाइल कुलूपबंद असते. किल्ली म्हणजे केडीएम, आणि ती त्या एका पडद्याच्या सर्व्हरपुरती, ठरलेल्या तारखा-वेळांपुरतीच चालते. तिसऱ्या पडद्याची किल्ली पाचव्याला लागत नाही. ऐन वेळी पडदा बदलला आणि नवी किल्ली आली नाही की पाटी लागते 'तांत्रिक कारणास्तव खेळ रद्द'. खेळ ठरला की पडदा क्रमांक लेखी घ्या, आणि किल्ली आली का ते आदल्या संध्याकाळी विचारा.

बिगरमराठी मित्रांना नेणार असाल तर इंग्रजी सबटायटल्सचं आधी विचारा. ॲपवर नुसतं 'मराठी' लिहिलेलं असतं. फाइलच्या नावात मात्र आवाजाच्या भाषेपुढे सबटायटलची भाषा असते, आणि ती नसेल तर तिथे दोनदा एक्स असतं. मॅनेजरला हे एका नजरेत सांगता येतं.

साडेसहाचा_खेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारचं गणित डोक्यातच आलं नव्हतं. 'राजा शिवाजी'चं मात्र राहिलं. आणि घरात ९ वर्षांचा मुलगा आहे, सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं काय बघायचं?

खिडकी_क्रमांक_दोन

१ मे २०२६ हा शुक्रवार आहे आणि महाराष्ट्र दिनाची सुट्टी. म्हणजे पहिले तिन्ही दिवस भरलेले असणार. रितेश देशमुख यांचं दिग्दर्शन, संतोष सिवन यांचं छायाचित्रण आणि अजय-अतुल यांचं संगीत, तेव्हा पडदा आणि आवाज या दोन्हींत तडजोड करू नका. बुकिंग उघडेल त्या दिवशी आधी भाषा तपासा. चित्रपट हिंदीतही येणार आहे, आणि घाईत हिंदीचा खेळ निवडला जातो.

प्रमाणपत्रात आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ अशा पायऱ्या आहेत. हा आकडा पालकांना सल्ला म्हणून असतो, दारात अडवण्यासाठी नाही. अडवतात ते फक्त ए असेल तर. १३+ आलं तर ९ वर्षांच्या मुलाला नेण्याआधी तुम्ही दोघांपैकी एकाने आधी बघून या.

मधला_स्पीकर

त्यात एवढंच घालतो. तुमच्या नेहमीच्या थिएटरमध्ये एप्रिलमध्येच कोणताही चित्रपट त्याच पडद्यावर बघून ठेवा. संवाद स्वच्छ आले, कोपरे अंधारे नसले, तर पडदा क्रमांक आणि खुर्ची लिहून ठेवा. एकाच थिएटरात दोन नंबर उत्तम आणि चार नंबर बसलेला, असं सर्रास असतं. ॲपवर पडदा क्रमांक दिसत नसेल तर खुर्च्यांच्या नकाशावरून ओळखता येतो, कारण प्रत्येक पडद्याच्या रांगा वेगळ्या असतात.