घरात डेंग्यूच्या अळ्या सापडल्या तर दंड घ्यावा का?

गच्ची_प्लॉट_१२: पाऊस सुरू झाला की सोसायटीच्या ग्रुपवर एकच मागणी, फवारणीची गाडी पाठवा. धूर दिसला की लोकांना बरं वाटतं. अहो पण त्या धुराने मरतो फक्त उडणारा डास, तोही रस्त्यावरचा, आणि डेंग्यूवाला एडिस बसलेला असतो घरात, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे, चावतोही दिवसा. पिंपातल्या अळीला त्या धुराने काही होत नाही, आठवडा-दहा दिवसांत तिचा डास होतो की परत गाडीला फोन. खरं काम करतो तो हातात बॅटरी घेऊन कुंडीखालची ताटली आणि फ्रिजमागचा ट्रे बघणारा माणूस, आणि नेमकं त्यालाच आपण दारातून परत पाठवतो. माझं मत स्पष्ट आहे, नोटीस देऊनही दुसऱ्यांदा अळ्या सापडल्या तर दंड झालाच पाहिजे. मुंबईत १८८८ च्या पालिका कायद्यात ३८१ बी कलम त्यासाठीच आहे, बाकी शहरांनीही तेवढंच कडक व्हावं. तुमच्या गच्चीतल्या टायरमुळे शेजारचं पोर ॲडमिट होत असेल तर तो तुमचा खाजगी मामला राहत नाही.

पिंपवाली_ताई: दंड कुणाला दादा? आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे, आणि नाही आलं तर नाहीच. पिंप, हंडे, बादल्या भरून ठेवल्या नाहीत तर पोरांच्या आंघोळी कशाने करायच्या? "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा" हे ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी आहे त्यांनी म्हणावं. तपासणीवाले येतात, अळी दिसली की अख्खं पिंप गटारात उलटं करून जातात, पुढे दीड दिवस आम्ही काय करायचं ते कुणी सांगत नाही. आणि समोरच टॉवरचं काम चालू आहे, लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी, तिथे वॉचमन म्हणतो ऑफिसची परवानगी आणा, की हे लोक परत!

माजी_निरीक्षक: ताई, पिंप ओतून देणं चुकीचंच आहे, हे खात्यात काम केलेला माणूस म्हणून सांगतो. साठवणीच्या पाण्यात ठरलेल्या प्रमाणात अबेट (अळ्या मारायचं औषध) टाकायचं, मोठ्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचे. एडिसची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी झाली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणजे नुसतं ओतून काही होत नाही, काथ्याने कडा घासाव्या लागतात. पाणी येण्याच्या आदल्या रात्री तळाला उरलेलं वापरून पिंप घासायचं, वर जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधायचं. हे दारात उभं राहून शांतपणे सांगायला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं निरीक्षकाकडे नसतात. आमच्याकडे एकाच माणसावर पहाटे कोठीवर झाडूवाल्यांची हजेरी, मग घंटागाडी, मग मेलेलं कुत्रं उचलायला लावा, मग प्लास्टिकच्या पावत्या (२०१८ च्या बंदीनंतर पहिल्याच गुन्ह्याला ५,०००, रोज भांडण), वर ॲपवरच्या तक्रारी, निवडणूक आली की मतदार याद्या. त्यात दंडाचं टार्गेट दिलं की तो माणूस अळ्या शोधत नाही, पावती फाडायला सोपं दार शोधतो. म्हणून माझा सरसकट दंडाला विरोध आहे.

गच्ची_प्लॉट_१२: काका, टार्गेटबद्दल पटलं, ते नकोच. पण दंडाची भीतीच काढून घेतली तर आमच्या सोसायटीतले बंद फ्लॅट, कारंजी, शोभेच्या कुंड्या कोण साफ करणार? तिथे पाण्याची टंचाई नाहीये, आळस आहे. आणि बिल्डरला तर पहिल्याच वेळी लावा.

माजी_निरीक्षक: बिल्डर दंड भरतो आणि क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट भिजवायचं पाणी तसंच ठेवतो, दोन-चार हजार म्हणजे त्याला काहीच नाही. काम थांबवायचा अधिकार बांधकाम विभागाकडे, आमच्या अहवालावर तिथून हालचाल झाली तरच उपयोग.

पेठेतला: घरात शिरण्याचा अधिकार वाढवताना जरा जपून. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी गोरे सोल्जर घराघरात घुसले, देवघरापर्यंत गेले, आणि लोक आजारी माणसाला लपवायला लागले. त्या मोहिमेच्या अधिकाऱ्याचं, रँडचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. जबरदस्ती झाली की लोक आजार लपवतात, मग साथ कळणार कशी?

गच्ची_प्लॉट_१२: बॅटरी घेऊन आलेल्या पालिकेच्या माणसाची तुलना त्या सोल्जरांशी? नाही पटत. हा आपलाच माणूस आहे, उन्हापावसात फिरतो, पाणीसुद्धा विचारत नाही आपण त्याला.

शिवारातून: गावाकडची पद्धत सांगतो. आमच्याकडे आरोग्यसेवक विहीर, टाकी, गळकी पाइपलाइन, टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) साठा सगळं बघतो, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (क्लोरीनची तपासणी) घेतो, पिवळा रंग आला नाही तर क्लोरीन नाही. मग गावाला कार्ड मिळतं, हिरवं, पिवळं नाहीतर लाल. लाल कार्ड ग्रामपंचायतीला मिळतं, नळाखाली हंडा लावणाऱ्या बाईला नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडकडे जीबीएसचे (नसांवर हल्ला करणाऱ्या गुलेन-बॅरे आजाराचे) पेशंट निघाले, नांदेड गाव, किरकटवाडी, तेव्हाही बोट पाण्याकडेच गेलं ना, तिथे घरमालकाला दंड लावून काय झालं असतं?

पिंपवाली_ताई: हेच तर म्हणतेय मी मघापासून! निरीक्षकाच्या वहीत माझ्या पिंपातल्या अळ्यांसोबत हेही लिहा की या गल्लीला किती दिवसांनी पाणी आलं. आणि तो कागद पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या टेबलावर पोचू दे, सहीसकट. मग माझ्याकडून पावती घ्या, मी देते. पिंप मी घासते दादा, दर वेळी घासते, झाकण मिळेना म्हणून पोळपाट ठेवलाय त्यावर.